नेपरव्हिलची हायस्कूलं, एपीचा अभ्यास आणि तीन मैलांची शर्यत

शिकागोपासून पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर नेपरव्हिल आहे, वस्ती दीड लाखाच्या आसपास, आणि इथे घर घेणारी आपली मंडळी किचन किती मोठं, बेसमेंट फिनिश्ड आहे का हे सगळं नंतर बघतात, आधी विचारतात की पत्ता कुठल्या हायस्कूलच्या हद्दीत येतो. गावाचे शाळेच्या हिशोबाने दोन भाग आहेत. एक डिस्ट्रिक्ट २०३, त्यात नेपरव्हिल सेंट्रल आणि नेपरव्हिल नॉर्थ, आणि दुसरा इंडियन प्रेअरी डिस्ट्रिक्ट २०४, त्यात वॉबन्सी व्हॅली, न्यूक्वा व्हॅली आणि मिटीया व्हॅली (वॉबन्सी आणि मिटीया पत्त्याने शेजारच्या अरोरात आहेत पण आपल्या लोकांच्या बोलण्यात सगळं नेपरव्हिलच). माझी मुलगी यातल्याच एका शाळेत जाते. कुठल्या ते लिहीत नाही, ती अजून लहान आहे आणि तिच्या शाळेचा पत्ता नेटवर टाकायचा नाही हे आमचं घरात ठरलेलं आहे.

या सगळ्या सरकारी शाळा आहेत. फी नाही, डोनेशन नाही, प्रवेश परीक्षा नाही, त्या हद्दीत राहता एवढा पुरावा दिला की शाळेला तुमचं मूल घ्यावंच लागतं, मग त्याला इंग्रजी येवो न येवो, व्हीलचेअरवर असो नाहीतर मार्चमध्ये मध्येच आलेलं असो. पुस्तकांचे आणि थोडे इकडचे तिकडचे पैसे भरावे लागतात, खेळासाठी वेगळे भरावे लागतात, पण ज्यांना परवडत नाही त्यांना माफ होतात. न्यूक्वा व्हॅलीसारख्या शाळेत तीन हजारांच्या आसपास मुलं आहेत आणि तीही फक्त चार वर्गांची, नववी ते बारावी. साताऱ्यात आमच्या अख्ख्या शाळेत, पहिलीपासून दहावीपर्यंत धरून, एवढी मुलं नव्हती.

मला आज लिहायचंय ते रँकिंगबद्दल नाही, ते तुम्हाला कुठल्याही वेबसाइटवर मिळेल. मला लिहायचंय ते हे की या शाळांमध्ये अभ्यास आणि मैदान एकाच छपराखाली, एकाच वेळापत्रकात, बऱ्याचदा एकाच शिक्षकाच्या हातात कसं चालतं, आणि मला ते इतकं का पटलंय. माझ्या आईला नाही पटलेलं. ती व्हिडिओ कॉलवर दर वेळी म्हणते, "अगं, अकरावीला आहे ना ती, मग धावायला कसली पाठवतेस? एवढं वर्ष जाऊ दे." आईचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, ती ज्या गावात, ज्या परीक्षेच्या हिशोबाने बोलते तिथे तसंच होतं, आमच्या वेळी दहावीचं वर्ष लागलं की खोखोच्या टीममधल्या निम्म्या मुली आपोआप यायच्या बंद झाल्या होत्या आणि कोणी कोणाला विचारलंही नव्हतं.

आधी अभ्यासाचं सांगते. इथे "अकरावी सायन्स" असा प्रकार नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे, मूल आणि त्याचा काउन्सेलर बसून ठरवतात, घरून सही लागते. एकाच विषयाच्या दोन-तीन पातळ्या असतात, साधा, ऑनर्स आणि वरच्या वर्गांसाठी एपी, आणि गंमत अशी की एकच मूल गणितात एपीला आणि इंग्रजीत साध्या वर्गात बसू शकतं, त्यामुळे "हुशार तुकडी" आणि "ढ तुकडी" असे दोन कायमचे गट पडत नाहीत, निदान कागदावर तरी. एपी म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा कोर्स. मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा असते, एकेका पेपरला शंभर डॉलरच्या आसपास फी, मार्क १ ते ५ असे. इलिनॉयमध्ये कायदाच आहे की राज्याच्या सरकारी कॉलेजांनी ३ किंवा वरच्या स्कोअरला क्रेडिट द्यायचं. चार-पाच एपी पास झालेलं मूल कॉलेजला जाताना बरेच कोर्स आधीच करून गेलेलं असतं, तेवढी फी वाचते.

पण मला एपीपेक्षा बाकीच्या गोष्टींचं जास्त कौतुक आहे. सरकारी हायस्कूलने ड्रायव्हिंग शिकवलंच पाहिजे असा या राज्यात नियम आहे, वर्गात ३० तास आणि प्रत्यक्ष रस्त्यावर ६ तास. कन्झ्युमर एज्युकेशन नावाचा विषय सक्तीचा आहे, त्यात क्रेडिट कार्डचं व्याज, टॅक्स, भाड्याचा करार हे सगळं येतं, सिव्हिक्सचा एक सेमिस्टर सक्तीचा आहे. लाकूडकाम आहे, स्वयंपाक आहे. आणि ज्यांना पुस्तकी वाट धरायचीच नाही त्यांच्यासाठी अ‍ॅडिसनला टेक्नॉलॉजी सेंटर ऑफ ड्युपेज आहे, अकरावी-बारावीची मुलं अर्धा दिवस तिथे जाऊन वेल्डिंग, गाड्या दुरुस्ती, नर्सिंग असिस्टंटचं काम शिकतात आणि अर्धा दिवस आपल्या शाळेत. आमच्या गल्लीतला एक मुलगा सकाळी वेल्डिंगला जातो आणि संध्याकाळी कुस्तीला, आणि त्याच्या आईवडिलांच्या बोलण्यात त्याबद्दल जराही कमीपणा नसतो, ते बघून मला फार बरं वाटतं.

आता खेळ. खेळांचा कारभार इलिनॉय हायस्कूल असोसिएशन बघते, १९०० सालापासूनची संस्था आहे. इथे सगळे आयएचएसए म्हणतात. हीच संस्था फुटबॉल (म्हणजे अमेरिकन, हातात बॉल घेऊन पळायचा, आपल्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणतात) घेते आणि हीच बुद्धिबळ, डिबेट, संगीत, स्कॉलॅस्टिक बोल म्हणजे आपली प्रश्नमंजुषा, आणि हो, मासेमारीचीसुद्धा राज्य स्पर्धा हीच घेते. बुद्धिबळाची टीम जिंकली तरी शाळेच्या हॉलमधल्या कपाटात चषक त्याच रांगेत बसतो. वर्षाचे तीन सीझन असतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर फुटबॉल, क्रॉस कंट्री, मुलींचं व्हॉलीबॉल, गोल्फ वगैरे, मग थंडीत बास्केटबॉल, कुस्ती, पोहणं, आणि मार्चपासून ट्रॅक, बेसबॉल, सॉफ्टबॉल, मुलींचा सॉकर. प्रत्येक खेळात पातळ्या, फ्रेशमन म्हणजे नववीची टीम, मग जेव्ही म्हणजे ज्युनिअर व्हार्सिटी, आणि सगळ्यात वर व्हार्सिटी, शाळेची मुख्य टीम. व्हार्सिटीचं अक्षर छातीवर लावलेलं जॅकेट मिळालं की मूल ते उन्हाळ्यातही काढत नाही.

या सगळ्याला एक खिळा मारून ठेवलेला आहे, आणि माझ्या मते सगळी गंमत त्या खिळ्यात आहे. आयएचएसएचा नियम असा की ज्याला सामना खेळायचाय तो चालू आठवड्यात ठरावीक क्रेडिटचे, म्हणजे साधारण पाच विषय पास होत असला पाहिजे. हे दर आठवड्याला तपासतात. शुक्रवारी रात्री हजारो लोकांसमोर खेळणारा क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल टीमचा मुख्य खेळाडू, असला तरी विषय लटकले की तो त्या आठवड्यात बाकावर बसतो. याचा परिणाम असा होतो की कोचच अभ्यासाच्या मागे लागतो. मुलीचा कोच शाळेत इतिहास शिकवतो, त्याला माहीत असतं कोणाचा केमिस्ट्रीचा पेपर गेलाय, तो प्रॅक्टिसच्या आधी विचारतो की तू सरांकडे डाउट्स घेऊन गेलीस का, नाही गेलीस तर आधी जा, वॉर्मअप नंतर कर. आपल्याकडे खेळाचे सर आणि विषयाचे सर एकमेकांकडून मुलं ओढतात, इथे निदान नियमाने त्यांना एका बाजूला उभं केलंय.

पीईचा, म्हणजे शारीरिक शिक्षणाचा, तास हा तर नेपरव्हिलचा स्वतःचा इतिहास आहे, आणि तो इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनाही फारसा माहीत नसतो म्हणून जरा सविस्तर सांगते. १९९० च्या दशकात मॅडिसन ज्युनिअर हायमध्ये फिल लॉलर नावाचे पीईचे शिक्षक होते. मुलांची तब्येत दिवसेंदिवस ढासळतेय हे वाचून त्यांनी आपल्याच तासाकडे नीट बघितलं तर त्यात मुलं बराच वेळ नुसती रांगेत उभी असायची. मग त्यांनी तास बदलला, धावणं वाढवलं आणि मुलांच्या अंगावर हृदयाचे ठोके मोजणारे मॉनिटर बांधले. एक अकरा वर्षांची मुलगी मैलाच्या धावण्यात अगदी मागे होती, जुन्या पद्धतीने तिला कमीच मार्क मिळाले असते. तिचा मॉनिटर बघितला तर सरासरी ठोके मिनिटाला १८७ आणि शेवटची रेघ ओलांडताना २०७. त्या वयाच्या पोरीला याच्यापलीकडे जोर लावताच येत नाही! तेव्हापासून लॉलर यांनी मार्क वेगाला द्यायचं सोडून मेहनतीला द्यायला सुरुवात केली, ठोके ठरलेल्या पट्ट्यात किती वेळ राहिले त्यावर. पुढे नेपरव्हिल सेंट्रलने आणखी एक केलं, वाचनात मागे असलेल्या मुलांना सकाळी पहिल्या तासाच्या आधी पीई दिलं आणि लगेच त्यानंतर वाचनाचा वर्ग, रक्त खेळतं असताना डोकं चांगलं चालतं या विचाराने. त्याला आधी झिरो अवर पीई म्हणायचे.

१९९९ साली टिम्स नावाची गणित-विज्ञानाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली, ३८ देशांतली आठवीची मुलं, आणि त्यात डिस्ट्रिक्ट २०३ ने एका देशासारखा स्वतंत्र भाग घेतला. विज्ञानात नेपरव्हिल पहिलं आलं, सिंगापूर आणि तैवानच्याही वर, गणितात सहावं. याचं सगळं श्रेय धावण्याला देणारे लेख भरपूर आहेत आणि मला ते पटत नाहीत. गाव सुखवस्तू आहे, इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची घरं आहेत, आर्गोन आणि फर्मीलॅब या दोन राष्ट्रीय प्रयोगशाळा जवळ आहेत, त्या मुलांचं विज्ञान चांगलं असणारच होतं. पण एवढं मात्र दिसलं की पीईच्या तासाला घाम गाळूनही ती मुलं अभ्यासात मागे पडली नाहीत. आईला मी हेच सांगते.

क्रॉस कंट्रीबद्दल आता. आपल्याकडच्या लोकांना फुटबॉल आणि बास्केटबॉल दिसतं कारण सिनेमात तेच असतं, पण इथल्या आपल्या मुलांना सगळ्यात जास्त जागा कुठे मिळत असेल तर ती इथे, कारण बहुतेक शाळांत या खेळात कोणाला कापत नाहीत. बास्केटबॉलच्या ट्रायआउटला शंभर मुलं येतात आणि पंधरा ठेवतात, क्रॉस कंट्रीला जो रोज येईल तो टीममध्ये. शर्यत तीन मैलांची म्हणजे ४.८ किलोमीटरची, गवतावरून, चढउतारावरून. व्हार्सिटीत एका शाळेच्या सात मुली धावतात, पहिल्या पाचजणींचे नंबर मिळवायचे, ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ती शाळा जिंकली. म्हणजे तुमची पहिली मुलगी कितीही सुसाट असली तरी पाचवी कितवी आली यावरच सगळं ठरतं. सहावी आणि सातवीचे गुण धरत नाहीत पण त्या दुसऱ्या शाळेच्या पाचवीच्या पुढे आल्या तर त्या शाळेची बेरीज वाढते, त्यामुळे शेवटच्या दोनशे मीटरमध्ये चाळिसाव्या नंबरसाठी मुली जी जान लावतात ती बघितली पाहिजे.

शिकागोच्या या उपनगरांना क्रॉस कंट्रीचं वेडच आहे. एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलमध्ये जो न्यूटन नावाचे कोच होते, पन्नास वर्षांहून जास्त काळ तिथेच, मुलांच्या टीमला २८ वेळा राज्य विजेतेपद मिळवून दिलं, आणि त्यांच्याकडे टीममध्ये दीडशे-दोनशे मुलं असायची, त्यातल्या सातांनाच राज्य स्पर्धेत धावायला मिळणार हे सगळ्यांना माहीत असूनही. २०१७ मध्ये ते गेले. आमच्या इथली न्यूक्वा व्हॅली २००७ मध्ये नाइकीच्या राष्ट्रीय स्पर्धेत सांघिक विजेती होती, त्या टीमचा क्रिस डेरिक पुढे स्टॅनफर्डला गेला.

राज्य स्पर्धा पिओरियाच्या डेटवायलर पार्कमध्ये होते, आमच्या घरापासून गाडीने सव्वादोन-अडीच तास. सप्टेंबरमध्ये तिथेच एक मोठी इन्व्हिटेशनल, म्हणजे निमंत्रित शाळांची शर्यत, असते, तिला भरपूर शाळा येतात, त्यामुळे ज्यांचा राज्य स्पर्धेशी काही संबंध नाही अशा मुलांनाही त्या मैदानावर धावायला मिळतं. आम्ही गेलो होतो. अंधारात निघालो, पोचलो तर मैदानभर तंबू, प्रत्येक शाळेचा एक, खाली ताडपत्री, त्यावर बॅगा आणि झोपलेली पोरं, संत्र्याच्या फोडी, केळ्यांचे घड. सुरुवातीची रेघ इतकी लांब की एका टोकावरून दुसरं टोक दिसेना, प्रत्येक शाळेला एक आखलेला खण, आणि बंदुकीचा बार झाला की शेकडो पोरी एकदम समोरच्या मोकळ्या मैदानात सुटल्या, वारीत रिंगणाला अश्वामागे माणसं सुटतात तशा, जमीन हादरत होती हो अक्षरशः. पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांना आत घुसायचं असतं. मग आईबाप या झाडाकडून त्या झाडाकडे पळतात, कारण मैदान असं आहे की मधून आडवं पळत गेलात तर मुलगी तीन-चार वेळा दिसते. कोच एक मैलाच्या खुणेपाशी घड्याळ घेऊन उभा, प्रत्येकीला नावाने वेळ ओरडून सांगत होता, पहिलीलाही आणि दीडशेव्या नंबरवालीलाही.

माझी मुलगी त्या दिवशी शर्यतीच्या मधल्या घोळक्यात कुठेतरी आली. रेघ ओलांडून पुढच्या दोरीच्या गल्लीत वाकून उभी होती, गुडघ्यांवर हात, नाकातून पाणी, एका पायातल्या स्पाइक्सच्या बुटात चिखल गेलेला, आणि मागून दुसऱ्याच शाळेची एक अनोळखी मुलगी आली आणि तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, शेवटी तुझ्यामागे राहिले म्हणून मी पळू शकले. मग तिने मला शोधलं आणि पहिलं वाक्य काय तर "आई, पीआर!" पीआर म्हणजे स्वतःची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. संध्याकाळी कोचचा ईमेल आला त्यात विजेत्यांची नावं दोन ओळींत होती आणि पीआर झालेल्या मुलांची यादी पानभर. लॉलर यांनी मॉनिटरवरून जे ओळखलं ते इथे रोजच्या रीतीत आलेलं आहे, तू कितवी आलीस हा प्रश्न आहेच, पण कालच्यापेक्षा किती पुढे आलीस हा त्याच्या आधी विचारतात.

मोठ्या शर्यतीच्या आदल्या रात्री कोणाच्या तरी घरी पास्ता पार्टी असते, टीमच्या मुलींना पोटभर कार्ब्स. आमच्याकडे होती तेव्हा मी पास्ता तर केलाच पण शिवाय मोठ्या पातेल्यात तूप-जिरे घालून मुगाची खिचडी केली, आणि पास्ता उरला, खिचडी संपली. दारात बुटांचा हा ढीग. त्यातली एक मुलगी कॅप्टन होती, बारावीची, ती जाताना सिंकमधली भांडी घासून गेली, नको नको म्हटलं तरी. टीममध्ये सीनिअरनी आवरायचं असा त्यांचा नियम आहे म्हणाली.

मुलींच्या खेळाबद्दल एक सांगायलाच हवं. १९७२ मध्ये टायटल नाइन नावाचा कायदा झाला, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही असा. त्याच्या आदल्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या, आज चौतीस लाखांच्या आसपास आहेत. नेपरव्हिल सेंट्रलची बास्केटबॉल खेळाडू कँडेस पार्कर ही याच वाटेवरून आली, २००३ आणि २००४ ला शाळेला राज्य विजेतेपद मिळवून दिलं आणि २००४ मध्ये देशभरातल्या निवडक हायस्कूल खेळाडूंची डंक स्पर्धा, म्हणजे उंच उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये घालायची, जिंकली, समोर मुलगे होते आणि आधी कधीच कुठल्या मुलीने ती जिंकलेली नव्हती. पुढे ऑलिम्पिकची दोन सुवर्णपदकं, २००८ आणि २०१२. माझ्या मुलीच्या पिढीला त्यात विशेष काही वाटतच नाही, शाळेत मुलींची टीम असणारच, तिला कोच असणारच, बस असणारच. आमच्या वेळी मुलींना जिल्हा स्पर्धेला न्यायचं तर सोबत बाई कोण येणार यावर आधी आठवडाभर चर्चा व्हायची.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. चौदा वर्षांच्या मुलाला ट्रायआउटच्या तिसऱ्या दिवशी यादीत नाव नाही म्हणून घरी पाठवणं मला अजूनही निर्दयपणाचं वाटतं. आमच्या ओळखीच्या एका मुलाचं बास्केटबॉलला असं झालं, यादी फोनवर आली, आणि तो कितीतरी दिवस शाळेच्या जिमकडे फिरकला नाही. जी मुलं लहानपणापासून महागड्या क्लब टीममध्ये खेळलेली असतात तीच ट्रायआउटला पुढे असतात, म्हणजे शाळा फुकट असली तरी शाळेच्या टीमपर्यंत पोचायची वाट फुकट नाही. फुटबॉलमध्ये डोक्याला मार बसतो, त्यासाठी नियम कडक झालेत, धडक बसल्याची शंका आली की डॉक्टर किंवा ट्रेनरने लेखी सोडल्याशिवाय खेळता येत नाही, तरी मी माझ्या मुलाला फुटबॉलला पाठवलं नसतं.

आणि अभ्यासाचा ताण, तो आपल्या लोकांनी स्वतः वाढवून ठेवलाय हे स्पष्ट बोलायला पाहिजे. कुठलीही शाळा सांगत नाही की नववीपासून एपी घ्या, उलट काउन्सेलर थांबवतात. पण मंडळाच्या गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की ऐकू येतं, तुमची किती एपी घेतेय, आमचा सात घेतोय. शनिवारी गणिताचा क्लास, रविवारी मराठी शाळा आणि मग कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेचा क्लास. मुलं सहाला प्रॅक्टिसहून येतात, जेवून अभ्यासाला बसतात आणि बारा वाजतात, सकाळी सातच्या आत परत बस. झोपेचं खोबरं होतं. खेळ सोडून झोप मिळवावी असा सल्ला मला खूप जणींनी दिला, मी मुलीला म्हटलं एक एपी सोड, आणि तिने सोडला, आकाश कोसळलं नाही. स्कॉलरशिपच्या आशेने खेळवू नका हेही सांगते, खेळाची स्कॉलरशिप मिळणारी मुलं फार थोडी असतात आणि डिव्हिजन थ्री, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या गटातल्या, कॉलेजांत तर खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत.

हे सगळं चालतं कशावर तर घरपट्टीवर. इलिनॉयमध्ये सरकारी शाळेचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, आमच्या बिलात सगळ्यात मोठा आकडा शाळेचाच असतो. म्हणजे जिथे घरं महाग तिथे शाळेला सिंथेटिक ट्रॅक, पोहण्याचा तलाव, ऑडिटोरियम, आणि शिकागोच्या दक्षिणेला काही उपनगरं आहेत जिथे घरं स्वस्त असल्यामुळे टॅक्सचा दर जास्त लावूनही शाळेच्या हातात पैसा कमी पडतो. गाडीने तासाभराच्या अंतरावर तोच देश, तेच राज्य, तीच आयएचएसए, आणि तिथली मुलं त्याच डेटवायलरला आमच्या शेजारच्या खणात उभी राहतात. २०१७ मध्ये राज्याने निधीचं नवं सूत्र आणलं, कमी पैसा असलेल्या जिल्ह्यांना आधी द्यायचं असं, त्याने फरक पडतोय पण दरी मोठी आहे. "अमेरिकेतल्या सरकारी शाळा अशा असतात" असं कोणी म्हटलं की मी लगेच सांगते, अशा काही असतात.

पैसा असला तरी माणसं लागतातच. स्कूल बोर्डावर निवडून आलेले सात सभासद असतात आणि त्यांना पगार नसतो. सामन्याच्या दिवशी नाचो आणि हॉट चॉकलेट विकणारे आईवडील बूस्टर क्लबचे असतात, त्यातून तंबू येतात, बॅनर येतात. मी शर्यतीच्या शेवटी मुलांच्या बुटावरची टायमिंगची चिप काढून घ्यायचं काम केलंय, तासभर वाकून, शेकडो चिखलाचे बूट.

महाराष्ट्रात धावणारी मुलं नाहीत असं कोणी म्हणू नये. ललिता बाबर माझ्या साताऱ्याच्या माण तालुक्यातली, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसच्या फायनलला पोचली. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातला आष्टी तालुक्याचा, पॅरिसला २०२४ मध्ये फायनल धावला. कविता राऊत नाशिकची. पण ही मुलं शाळेमुळे घडली असं म्हणायला आपली जीभ रेटत नाही, ती दुष्काळी भागातल्या पायवाटांवर, आर्मीत, एखाद्या जिद्दी सरांच्या हाताखाली घडली. आपल्याकडे दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात ते राज्य-राष्ट्रीय पातळीवर चमकणाऱ्यांसाठी ठीक आहे, पण जी मुलगी जिल्ह्यात साठावी आली तिला कोण विचारतं? मला हवंय ते त्या साठावीसाठी. त्याला सिंथेटिक ट्रॅक लागत नाही. शाळा सुटल्यावर एक तास, दहावीतही, एक शिक्षक ज्याला त्या तासाचे पैसे मिळतात आणि ज्याच्या हातात सगळ्यांच्या वेळा लिहिलेली वही आहे, एवढं कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जमण्यासारखं आहे. गवत तर साताऱ्यात पावसाळ्यात इथल्यापेक्षा चांगलं असतं.

या उन्हाळ्यात बदली होऊन इकडे येणाऱ्या दोन-तीन घरांनी मला विचारलंय म्हणून कामाचं लिहून थांबते. ऑगस्टमध्ये शाळा सुरू व्हायची वाट बघू नका, फॉल सीझनची प्रॅक्टिस वर्ग भरायच्या आधीच चालू होते. डॉक्टरकडून स्पोर्ट्स फिजिकलचा फॉर्म भरून घ्या, त्याशिवाय पहिल्या दिवशी मैदानावर उभंही करत नाहीत, आणि हा फॉर्म साधारण तेरा महिने चालतो. लसीकरणाचे कागद भारतातून येतानाच इंग्रजीत करून आणा. भाड्याचा करार आणि विजेचं बिल ही पत्त्याची कागदं लागतात. इंग्रजीची भीती असेल तर ईएलचे, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीचे, वर्ग आहेत, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आणि मूल कधीच काही खेळलेलं नसलं तरी जूनमध्ये क्रॉस कंट्रीच्या कोचला दोन ओळींचा ईमेल टाका, उन्हाळ्यात सकाळी मुलं स्प्रिंगब्रूक प्रेअरीच्या वाटेवर नाहीतर शाळेच्या मैदानावर धावतात, नवीन मूल आलं की त्याच्या वेगाचं दुसरं कोणीतरी सोबतीला देतात. बूट मात्र आल्यावर इथे दुकानात पाय मोजून घ्या, आणि पाण्याच्या बाटलीवर मार्करने नाव लिहा, नाहीतर पहिल्याच दिवशी हरवते.